उजव्या रकान्यातली आई

नेरिसा सुमागायसायला बोलायला कधी शिकवावं लागलं नाही. आईच्या सुक्या मासळीच्या पाट्यांमागे उभी राहून ती लहानपणापासून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत आली होती. मास्तरीण व्हायचं तिनं ठरवलं तेही, खरं सांगायचं तर, बोलण्याचा पगार मिळतो म्हणून. शिकवणं म्हणजे वर्गासमोर उभं राहून बोलणं, अशी तिची साधी समजूत होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सराव पाठांसाठी तिला किनाऱ्यावरच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत धाडलं. तिथे तिसरीच्या वर्गावर मॅम पाल्मारेस यांच्या हाताखाली ती रुजू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की इथे बोलायच्या आधी लिहायचं असतं. काही मुद्दे, चार ओळी असं नव्हे. जे बोलणार ते सगळं.

पाठाचं टाचण म्हणजे लांब कागद आणि मधोमध उभी रेघ. रेघेच्या डावीकडे बाई काय बोलणार ते, "सुप्रभात, मुलांनो" पासून "बाकाखालचे कागद उचला" पर्यंत. उजवीकडे मुलं काय बोलणार ते. डावा रकाना नेरिसानं एका बैठकीत हातासरशी लिहून काढला. उजव्या रकान्यात तिनं प्रत्येक प्रश्नासमोर एकच वाक्य लिहिलं: मुले विविध उत्तरे देतील.

मॅम पाल्मारेस निवृत्तीला आलेल्या, अंगानं भरलेल्या, आणि एका हातात विणलेला पंखा तर दुसऱ्या हातात लाल पेन अशाच सदा दिसायच्या. टाचण त्यांनी पंख्यावर ठेवून वाचलं.

"हे काय?"

"उत्तरं, मॅम."

"कुणाची?"

"मुलांची."

"मुलांना नावं नाहीत? 'विविध उत्तरे देतील.' हा काय हवामानाचा अंदाज आहे? विविध ठिकाणी पाऊस पडेल?"

"पण मॅम, ती काय बोलतील ते मला आधी कसं कळणार?"

"मग तू इथे आलीस कशाला, इंदाय?" तरुण पोरींना त्या इंदायच म्हणत. मॅमनी पानभर लाल रेघ ओढली. "मागच्या बाकावर बस. ऐक. कोण कुठे चुकतं, कुणाला काय ठाऊक आहे, कुणाच्या घरी काय चाललंय. मग लिही. डावा रकाना कुणीही लिहील. रेडिओसुद्धा लिहील."

नेरिसा मागच्या बाकावर बसली. पण ती ऐकत होती असं म्हणवत नाही. ती गुलाबी कार्डबोर्डातून अक्षरं कापत होती. पाठाच्या दिवशी फळा सुंदर दिसायला हवा ना. कापता कापता कानावर पडलं ते तिनं उचललं: कोण तोंडातल्या तोंडात बोलतं, कोण नाक ओढतं, कुणाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. जेमालिन नावाच्या मुलीचा आवाज घंटेसारखा होता. ते नेरिसाच्या चांगलं ध्यानात राहिलं.

टाचणं मात्र लालच परत येत राहिली. "तिसरीचं पोर असं बोलत नाही, असं तू बोलतेस." "हे उत्तर रोनेल देईल? रोनेलला अजून डावं-उजवं कळत नाही." नेरिसा पुन्हा लिही, पुन्हा चुके. मग एके दिवशी तिला युक्ती सापडली. झाडांचा पाठ होता. आदल्या दिवशी शाळा सुटताना तिनं रोनेलला दारात अडवलं. "उद्या मी विचारीन की झाडाला काय काय लागतं. तू उठायचं आणि म्हणायचं, ऊन, पाणी आणि माती, मॅम. म्हणून दाखव." रोनेलनं म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मॅम पाल्मारेस टाचण मांडीवर घेऊन मागे बसल्या. उजव्या रकान्यात लिहिलं होतं तेच रोनेल बोलला, माती शेवटी घेऊन. लाल पेननं पहिल्यांदा बरोबरची खूण केली.

"आता हे टाचण झालं," मॅम म्हणाल्या.

मॅमना कळलं नसेल का? न कळायला काय झालं! रोनेलला कधी माती आठवली होती? पण कोणे एके काळी त्याही उमेदवार होत्या, आणि त्या शाळेतली प्रत्येक बाई कधी ना कधी पोरांना दारात अडवूनच पास झाली होती. एखादी गोष्ट सगळे करतात म्हणून ती चांगली होत नाही. तिची सवय तेवढी लवकर होते.

अंतिम पाठ ठरला: कुटुंबातल्या माणसांची कामं. यावरच सगळं होतं. कॉलेजच्या निरीक्षक मिसेस दोरोमाल स्वतः येऊन बसणार. पाठ पडला तर पुढचं सत्र पुन्हा, आणि घरी मासळीच्या पाट्यांमागे परत उभं राहायचं, तेही येणाराजाणारा "काय गं, मास्तरीण झालीस ना?" म्हणत असताना. नेरिसानं टाचण लिहिलं. प्रत्येक उत्तरासमोर नाव घातलं आणि शाळा सुटल्यावर मुलांना थांबवून तालीम सुरू केली.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिनं जेमालिनला दिलं. पाठ तिथून वळणार होता.

"तू म्हणायचं, माझी आई पहाटे उठून आमच्यासाठी भात रांधते. सावकाश, गोड. म्हण."

जेमालिननं कोपऱ्यातल्या झाडूकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅम, मी दुसरं घेऊ? झाडलोटीचं?"

"झाडलोट रोनेलला दिली. तुझा आवाज मोठा आहे, हे तूच म्हणायला पाहिजे."

"बरं, मॅम," जेमालिन म्हणाली, आणि तिनं ते सावकाश आणि गोड म्हणून दाखवलं.

पाठाच्या दिवशी नेरिसानं खिडक्यांना पडदे लावले आणि मागच्या टेबलावर पाहुण्यांसाठी पानसितची, परतलेल्या शेवयांची, मोठी थाळी झाकून ठेवली. शेवया लांब असाव्या लागतात, म्हणजे नोकरीही लांब टिकते असं म्हणतात. मुख्याध्यापक, शेजारच्या वर्गांच्या दोन बाया आणि मिसेस दोरोमाल मागे ओळीनं बसले. मिसेस दोरोमालच्या मांडीवर टाचण. मॅम पाल्मारेस कडेला, पंखा हलवत.

पाठ जणू रुळांवरून गेला. रोनेलनं झाडलोट केली. एकीनं लहान भावाला सांभाळलं. मग नेरिसानं तक्त्यावरच्या चित्रातल्या चुलीवर छडी टेकवून विचारलं, "आणि तुमच्या घरी पहाटे कोण उठतं, बाळांनो?" जेमालिन उठली.

"माझी आई पहाटे उठून आमच्यासाठी भात रांधते."

वर्गानं फटाका-टाळी वाजवली. ती कधी वाजवायची तेही टाचणात होतं. मिसेस दोरोमालना त्या आवाजाचं कौतुक वाटलं असणार. त्या बसल्या जागेवरून पुढे वाकल्या.

"छान. आणि भाताबरोबर काय करते गं तुझी आई? तुला सगळ्यात काय आवडतं?"

जेमालिननं नेरिसाकडे पाहिलं. नेरिसानं छडीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी झाडू मारत होतं, तो आवाज आत येत राहिला.

"मॅम," जेमालिन अखेर म्हणाली, "पुढचं मला दिलेलं नाही."

शेजारच्या वर्गाच्या बायांनी पंख्याआड तोंडं लपवली. मुख्याध्यापक खोकले. आणि रोनेल, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, तो उठून उभा राहिला. "तिची आई रियाधला असते, मॅम. तिकडच्या पोरांना वाढते. इथे तिची लोला, आजी, रांधते."

"खोटारडी," मागून कुणीतरी पोर कुजबुजलं, आणि दोघंतिघं हसली.

मिसेस दोरोमाल काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "मग तू असं का सांगितलंस, बाळ?"

जेमालिन अजून उभीच होती. ती अजूनही नेरिसाकडेच बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती, एवढंच. बाईंनी वाक्य दिलं होतं, तेव्हा पुढे काय ते बाईच सांगतील, असं तिला वाटत असावं. नेरिसाला तोंड उघडायचं होतं, आणि तिनं ते उघडलंही.

"ती जरा घाबरलीय, मॅम," ती मिसेस दोरोमालना म्हणाली. "बस खाली, जेमालिन."

आणि तिनं तक्ता उलटला.

पानसित खाताना अभिप्राय झाले. मिसेस दोरोमालनी फळ्याची स्तुती केली, अक्षरांची केली. मग काटा थाळीत ठेवून विचारलं, "वाक्यं पाठ करून घेतली नव्हतीस ना?"

"नाही, मॅम."

मॅम पाल्मारेस आपल्या शेवयांकडे बघत राहिल्या. मिसेस दोरोमालनी टाचणाच्या खाली सही केली. विद्यार्थ्यांचा सहभाग: उत्तम.

नेरिसा पास झाली. भाड्याच्या खोलीवर जाताना तिला वाटलं होतं, पास झालं की हे सगळं मागे पडेल. झालं उलटंच. "बस खाली, जेमालिन" हे तिचंच वाक्य तिच्या कानात घोळायला लागलं, आणि त्याचा आवाज गिऱ्हाइकाला शिळी मासळी देताना तिच्या आईचा असायचा तसा होता. तिची मान आपोआप खाली गेली. वाटेत पाववाल्यानं विचारलं, "पाठ झाला का, मॅम?" तर तिनं नुसतं हूं केलं आणि पाव न घेताच पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी जेमालिनची जागा रिकामी. तिसऱ्या दिवशीही.

"कुठे आहे ती?" नेरिसानं रोनेलला विचारलं.

"येणार नाही म्हणते. सगळे तिला खोटारडी म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

रोनेलनं विचार केला. "आम्ही," तो म्हणाला.

मधल्या सुट्टीत नेरिसा मॅम पाल्मारेसच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मॅम वह्या तपासत होत्या.

"मॅम, तुम्हाला ठाऊक होतं? तिची आई तिकडे असते ते?"

"होतं."

"मग टाचणावर लाल रेघ का नाही मारलीत?"

मॅमनी पेन खाली ठेवलं. नेरिसाला वाटलं, आता बोलणी बसणार. पण मॅमनी पंखा उचलला आणि उगाच दोनदा हलवला. "मला वाटलं, पोरगी पुस्तकातल्या आईबद्दल बोलतेय. पुस्तकातली आई रोज रांधते." मग समोरची वही मिटून म्हणाल्या, "आणि तुझा पाठ चांगला व्हायला हवा होता. त्याच्यावर माझंही नाव असतं. मी तुला घरी काय चाललंय ते ऐक म्हटलं होतं. तू आवाज ऐकलास, मी टाचण वाचलं. जा आता. संध्याकाळच्या आत जा, वाटेत कुत्री आहेत."

जेमालिनचं घर किनाऱ्याच्या बाजूला होतं. बांबूच्या खांबांवर उभं, पण पुढची एक भिंत नवी, सिमेंटची. रियाधचा पैसा तेवढाच पोचला होता. ओट्यावर जेमालिनची लोला सुजलेले पाय पाटावर पसरून बसली होती. नेरिसाला बघताच ती धडपडत उठायला लागली.

"अगंबाई, मॅम आल्या! जेमालिन, खुर्ची आण. ती नको, प्लास्टिकची, चांगली."

"लोला, उठू नका. मी फक्त..."

"बसा, बसा. मी उद्या स्वतःच येणार होते, पण हे पाय." लोलानं आत बघून हाक मारली. "बाहेर ये आधी. मॅमची माफी माग. एवढ्या मोठ्या माणसांसमोर मॅमचा पाठ बिघडवलास."

जेमालिन दारात आली. तिनं हात मागे बांधले, मान खाली घातली आणि घंटेसारख्या आवाजात म्हणाली, "मला माफ करा, मॅम, मी तुमचा पाठ बिघडवला."

सावकाश आणि गोड. कुणीतरी तिच्याकडून हेही पाठ करून घेतलं होतं.

नेरिसाच्या कानशिलांत आग पेटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खायला ती बाजारात शिकली होती. "नाही, लोला," ती म्हणाली. "तिनं काही बिघडवलं नाही. ते वाक्य मी दिलं होतं. तिनं नको म्हटलेलं, तरी दिलं. आणि तिला विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

लोलाला यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. "बाईंनी द्यायचं, पोरांनी म्हणायचं. शाळा म्हणजे दुसरं काय? हिनं पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं. सुकी मासळी म्हणायचं. अंडं म्हणायचं. एवढी काय जीभ लुळी पडली?" मग तिचा चेहरा उजळला. "छान वाक्य होतं पण. थांबा, तुम्हाला ऐकवते."

तिनं खाटेखालून टेपरेकॉर्डर ओढून काढला. लेकीला पत्र लिहिण्यापेक्षा कॅसेट भरून धाडायची, तशी त्या गल्लीत सगळीच धाडत. शेजारचा एदगार रविवारी रियाधला परत जाणार होता, त्याच्याबरोबर. लोलानं बटण दाबलं. आधी कोंबडा आरवला, मग जेमालिनचा आवाज आला.

"माझी आई पहाटे उठून आमच्यासाठी भात रांधते."

आणि मागून लोलाचा: "ऐकलंस, बाळा? ही हे मुख्याध्यापकांसमोर म्हणणार आहे. पुन्हा म्हण गं, कोंबडा मध्ये आला."

जेमालिननं पुन्हा म्हटलं.

नेरिसा त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. दाराशी उभी असलेली जेमालिन पायाच्या अंगठ्यानं फळीवरची माती टोकरत होती. ज्या बाईनं कितीतरी वर्षांत लेकीसाठी भात रांधला नव्हता, तिला आठवड्याभरात कुठल्याशा परक्या घरातल्या नोकराच्या खोलीत बसून हे ऐकायचं होतं. आणि वाक्य नेरिसाचं. शाई तिची, अक्षर तिचं.

"कॅसेटची थोडी जागा उरलीय," लोला म्हणाली. "मॅम, तुम्ही दोन शब्द बोला. बाई स्वतः बोलल्या म्हणजे तिला किती बरं वाटेल." आणि नको म्हणायला अवकाश न देता तिनं लाल बटण दाबून यंत्र नेरिसाच्या गुडघ्यांवर ठेवलं.

"मी जेमालिनची शिक्षिका," नेरिसा म्हणाली. "आत्ता तुम्ही जे ऐकलं ते वाक्य जेमालिनचं नाही. ते मी लिहिलं. ती तुम्हाला टोचून बोलत नाही, खोटंही बोलत नाही. मी तिला न विचारता..."

खट्. लोलानं बटण बंद केलं.

"हे पुसायचं," ती म्हणाली. आवाजातला सगळा पाहुणचार गेला होता. "तुमची लाज तुमच्याजवळ ठेवा, मॅम. माझी लेक तिकडे एकटी ऐकणार. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिच्याकडे कशाला धाडता?"

लोलानं कॅसेट मागे फिरवली.

"मुलीबद्दल काहीतरी चांगलं सांगा. खरं असेल ते."

नेरिसानं आठवून पाहिलं. इतके दिवस ती त्या वर्गात बसली होती. जेमालिनला गणित येतं का? ती कुणाबरोबर खेळते? डबा आणते का? अखेर बटण पुन्हा खाली गेलं आणि ती म्हणाली, "तुमच्या जेमालिनचा आवाज वर्गात सगळ्यात चांगला आहे." पुढे काही नव्हतं. टेप रिकामी फिरत राहिली, आणि लोलानंच ती बंद केली.

लोला समाधानानं मान डोलावून जेवणाचं बघायला आत गेली. पाहुणी आली म्हणून लेकीनं तिकडून धाडलेला मांसाचा डबा ती उघडायला लागली. त्याचा आवाज आल्यावर नेरिसा जेमालिनकडे वळली.

"मी तुला आधी विचारायला हवं होतं."

"काय?"

"तुमच्या घरी भात कोण रांधतं ते."

"मग विचारा."

"कोण रांधतं?"

"मी," जेमालिन म्हणाली. "लोलाचे पाय सुजतात ना. रोनेलला काही ठाऊक नसतं, तो उगाच बोलतो."

"उद्या मी वर्गात सांगेन. सगळ्यांना. की वाक्य मी दिलं होतं."

जेमालिननं तिच्याकडे नीट पाहिलं, दुकानात नोट उजेडात धरून बघतात तसं. "आणि त्या कॉलेजच्या मॅमना?"

त्या मॅमच्या सहीवर नेरिसाची नोकरी होती, आईच्या पाट्यांमागून सुटका होती, सगळं होतं. मिसेस दोरोमालना ती पुढे कधी काही बोलली नाही, हे इथेच सांगून टाकते. उगाच आशा नको. वर्गात मात्र बोलली. मुलांसमोर उभी राहून, चेहरा लालबुंद होऊन बोलली, आणि रोनेलनं हात वर करून विचारलं की मग ऊन-पाणी-माती पण खोटं होतं का.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी जेमालिन उत्तराची वाट बघत थांबली, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर तिनं खांदे उडवले.

"मी येईन शाळेत," ती म्हणाली. "पण हात वर करणार नाही."

"बरं."

"तुम्ही नाव घेतलंत तरी उठणार नाही."

"बरं, जेमालिन."

लोलानं आतून हाक मारली. नेरिसाच्या ताटात डब्यातल्या मांसाचा मोठा वाटा, आणि भाताचा डोंगर. भात जेमालिनच्या हातचा, तळाशी लागला होता, करपल्याचा वास वरपर्यंत आला होता. जेमालिन समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती. नेरिसानं मान वर न करता शेवटच्या शितापर्यंत सगळा खाल्ला, आणि लोलानं आणखी वाढला तेव्हा ताट मागे घेतलं नाही.